काम सांभाळून जागा-जमिनीचे उच्च शिक्षण : आधी दार ओळखा

व्यापारी बंधूंनो, कापडाचे थान भरताना आपण आधी गिऱ्हाईक पाहतो. लग्नसराईचा माल वेगळा, रोजच्या वापराचा वेगळा. शिक्षण घेतानाही हाच हिशेब ठेवावा, असे आम्हाला वाटते.

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांच्या आसपास शेतांत ले-आउट पडले आहेत. आपल्यापैकी अनेकांची रोजी यावर चालते. कोणी गवंडी, कोणी सेंट्रिंगवाला, कोणी सुतार, तर कोणी प्लॉटची दलाली करणारा. त्यांची मुले पदवीधर झाली, दिवसा नोकरी करतात किंवा दुकानावर बसतात, आणि विचारतात, "चाचा, रिअल इस्टेटचे पुढचे शिक्षण घ्यावे काय? काम तर सोडता येत नाही."

या धंद्याला तीन दारे आहेत. तिन्हींची किल्ली वेगळी.

पहिले दार दलालीचे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या प्रकल्पातील प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्याला स्वतःची नोंदणी लागते. नसेल तर दररोज १० हजार रुपये दंड, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्रात महारेराने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने दलालांना प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली. प्रशिक्षण २० तासांचे आहे. या दारासाठी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी लागत नाही. ज्याला दलालीच करायची आहे त्याने आधी हे प्रमाणपत्र घ्यावे.

दुसरे दार व्यवस्थापनाचे, म्हणजे बिल्डरच्या कार्यालयात किंवा स्वतःच्या बांधकाम धंद्यात. येथे एम.बी.ए. उपयोगी पडते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी घेता येते, परंतु त्या संस्थेला त्याच अभ्यासक्रमासाठी आणि त्याच वर्षासाठी यू.जी.सी.ची मान्यता आहे काय, हे फी भरण्याआधी पाहावे. 'पदवी' आणि 'डिप्लोमा' हे शब्द जाहिरातीत नीट वाचावेत. दोन्हींची किंमत एक नाही.

तिसरे दार मूल्यांककाचे, म्हणजे जागेची किंमत ठरवून देणाऱ्या जाणकाराचे. येथेच पुष्कळ मुले फसू शकतात. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांत जमीन व इमारतीच्या मूल्यांककासाठी रिअल इस्टेट मूल्यांकनाची पदव्युत्तर पदवी चालते, पण ती दोन वर्षांची आणि पूर्णवेळ हवी. गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात हा विषय शिकवला जातो. दुकान सांभाळून रात्री केलेल्या कोर्सने ज्ञान मिळेल, हे दार उघडणार नाही.

आता गणित पाहा. पदव्युत्तर पदवीनंतर ३ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे २ अधिक ३, एकूण ५ वर्षे. आणि मुलगा सिव्हिल इंजिनिअरिंगचा पदवीधर असेल, तर पदवीनंतर त्याच क्षेत्रातील ५ वर्षांचा अनुभव पुरतो. त्याने केवळ यासाठी नोकरी सोडली, तर वेळ वाचत नाही, पगार मात्र जातो. त्याने अनुभवाची पत्रे आणि कामाचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत. पुढे नोंदणीकृत मूल्यांकक संघटनेचा अभ्यासक्रम आणि परीक्षा बाकी राहते. ती नोकरी करीतच देता येते.

बी.कॉम., बी.ए. झालेल्या मुलाचे गणित वेगळे. त्याला मूल्यांकक व्हायचेच असेल, तर दोन वर्षे घर सोडावे लागेल. आपली पदवी प्रवेशाला चालते काय, हे त्याने विद्यापीठाकडून लेखी घ्यावे आणि मगच घरच्यांनी खर्च ठरवावा.

दूरस्थ शिक्षण घेणाऱ्याने वेळेचाही हिशेब करावा. उन्हाळी परीक्षा आणि लग्नसराई अनेकदा एकाच वेळी येतात. भावाशी किंवा मालकाशी सुट्टीचे बोलणे प्रवेशाआधीच करावे. रोज एक तास नेमाने बसणारा पुढे जातो. परीक्षेच्या तोंडावर रात्री जागणारा गल्ल्यावरही चुकतो आणि पेपरातही.

आणि वर्ग सुरू होण्याची वाट न पाहता सातबारा, फेरफार, अकृषिक आदेश आणि मंजूर नकाशा वाचायला शिकावे. आपल्या शहरांत नझूलच्या जागाही आहेत, त्यांच्या अटी समजून घ्याव्यात. ही तालीम तलाठी कार्यालयात आणि भूमी अभिलेख कार्यालयात फिरून मिळते. तिला फी नाही, आणि तिन्ही दारांत ती कामाला येते.