एमआयटीचे दार : परदेशी विद्यार्थ्याला संधी किती?

येथे एमआयटी म्हणजे पुण्याची संस्था नव्हे; अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी होय. १८६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या पदवी अभ्यासक्रमासाठी २०२४ साली सुमारे २८ हजार अर्ज आले. निवड झाली सुमारे १,३०० जणांची. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवली जात असल्याने त्यांच्यापैकी शंभरात जेमतेम दोन-तीन जणच निवडले जातात.

आपल्याकडे आयआयटीत प्रवेश परीक्षेतील क्रमांकावर मिळतो. तेथे तसे नाही. सॅट वा एसीटी परीक्षा २०२२ च्या निर्णयाने पुन्हा सक्तीची झाली. परंतु गुण हा केवळ उंबरठा होय. एक शिफारसपत्र गणित वा विज्ञानाच्या, तर दुसरे भाषा वा सामाजिक शास्त्राच्या शिक्षकाचे लागते. आहे त्या परिस्थितीत विद्यार्थ्याने स्वतः काय केले, हेही पाहिले जाते.

'एवढा पैसा आणायचा कुठून?' म्हणून पुष्कळ पालक अर्जच करू देत नाहीत. वास्तविक ही संस्था परदेशी अर्जदाराचीही निवड करताना कुटुंबाची ऐपत विचारात घेत नाही. निवड झाल्यावर ऐपतीप्रमाणे कुटुंबाचा वाटा ठरतो व उरलेली गरज संस्था भागवते. अडचण असल्यास अर्जाचे शुल्कही माफ होऊ शकते. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला अशी सोय नाही.

तेव्हा दलालाच्या नादी लागू नका. अर्ज अवश्य करा. मात्र येथील प्रवेश परीक्षांचा अभ्यास सोडू नका. नकार आलाच, तर तो आपल्या गरिबीमुळे आला असे मानू नका. जागाच थोड्या आहेत.