चाव्यांचा फोल्डर

टॉर नेटवर्कच्या चिन्हातच कांदा आहे, तेव्हा आम्हा नाशिक जिल्ह्यातल्यांना ते आपलं वाटायला हरकत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत निघालेली ही युक्ती. माहिती तीन रिलेंमधून जाते, प्रत्येक जण एकेक पापुद्रा काढतो, आणि कोण कुठे गेलं हे एकट्याला कळत नाही. हे रिले स्वयंसेवक चालवतात. त्र्यंबकेश्वरात जुन्या लॅपटॉपवर मीही एक सुरू केला. अर्थात मधला. शेवटचा, म्हणजे एक्झिट, घरून चालवू नका. दुसऱ्याच्या उचापतींचा जाब तुम्हाला विचारतात.

आठवडा गेला तरी वर्दळीच्या आलेखाची रेघ तळाला चिकटलेली. मग काय, राउटर बंद-चालू, दिवसातून पाच वेळा रीस्टार्ट. शेवटी वैतागून सगळं पुसलं आणि नव्याने घातलं. त्यात ‘कीज’ फोल्डरही गेला. रिलेची ओळख त्या चाव्यांत असते. नेटवर्कच्या लेखी माझा रिले त्या दिवशी जन्मला!

खरं तर घाईच नडली. नव्या रिलेकडे पहिले तीनेक दिवस वर्दळ फारशी येतच नाही. मग मोजणी करणारे सर्व्हर त्याचा वेग तपासतात, तसं वजन ठरतं. आठवड्याभराने ‘गार्ड’चा, म्हणजे साखळीतल्या पहिल्या रिलेचा, शिक्का मिळाला की वर्दळ उलट घटते, कारण लोकांचे गार्ड महिनोन्महिने बदलत नाहीत, नवी गिऱ्हाइकं सावकाश जमतात. दोनेक महिन्यांनी खरा अंदाज येतो.

तोवर लॉग वाचा. ओआर पोर्टपर्यंत (ज्यावर रिले जोडण्या घेतो) बाहेरून पोहोचता येतं, अशी ओळ तिथे हवीच. नसेल तर पोर्ट फॉरवर्डिंग बघा, मग राउटरचा वॅन पत्ता. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. इंटरनेट कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागा. अपलोडही तपासा, निदान १० एमबीपीएस हवा. दोन महिन्यांनीही माझा रिले रखडला तेव्हा कळलं की रिलेच्या वेगाची मर्यादा लिहिताना मनात मेगाबाइट होते, हाताने मेगाबिट लिहिले. आठपट गळा मीच आवळला होता.

आणि इथला पाऊस! वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, राउटर मान टाकतो. सारखं बंद पडणाऱ्या रिलेला गार्डचा शिक्का मिळत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावला.

कीज फोल्डरची प्रत आता पेनड्राइव्हवर आहे. घराच्या किल्ल्या अडकवतो त्याच खिळ्याला तो टांगलाय.