अंगणातली शाळा : लहान पोरं बाहेर काय शिकतात?

ताईंनो, गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते तेव्हा आता एक कारण बऱ्याचदा ऐकू येतं : "पोराला केजीत घालायचंय, फी भरायचीय." का, असं विचारलं तर उत्तर येतं, "अंगणवाडीत नुसतं खेळवतात हो, लिहायला कुठं शिकवतात?" आजचा पाठ या प्रश्नावरच आहे. कर्ज घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण त्याआधी खेळातून काय शिकलं जातं ते समजून घ्या.

हे काम आपल्याच जिल्ह्यात उभं राहिलं

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. १९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्त्यांच्या जवळ गेलं. बोर्डी आणि कोसबाद तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत.

पोरं शाळेत येईनात, तेव्हा या बाया शाळाच पोरांकडे घेऊन गेल्या. वस्तीतल्या अंगणात पोरं जमवली, त्यांना न्हाऊमाखू घातलं, गाणी-गोष्टी सांगितल्या. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला नाव पडलं कुरणशाळा. शहरातली महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, खडे, शिंपले हेच साहित्य झालं. पुढे १९७५ साली सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली.

घरी आणि रानात काय करायचं?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हे खेळ आहेत :

१. चिंचोके : दहा चिंचोके द्या. दोन भावंडांत सारखे वाटायला सांगा. "तुझे किती? एक मला दिलास तर किती उरले?" हातात वस्तू धरून मोजलेलं पोर पुढे आकडा समजून लिहितं.

२. पानं : साग, पळस, आंबा यांची पानं गोळा करा. मोठं-लहान, खरखरीत-गुळगुळीत अशा राशी करू द्या. पळसाला पानं तीनच, हे पोराला स्वतः मोजू द्या. सागाचं कोवळं पान तळव्यावर चोळलं की हात लाल होतो. पोर हे विसरत नाही.

३. मातीत रेघा : काडीनं रेघ, गोल, डोंगर काढू द्या. बोटांत बळ आलं की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते.

४. सावली : सकाळी अंगणात उभं करून सावलीच्या टोकाला खडा ठेवा. दुपारी त्याच जागी पुन्हा उभं करा. सावली का आखडली, ते लगेच सांगू नका. आधी त्याला विचारा.

बोलणं सगळ्यात मोलाचं. "मुंगळे कुठं निघाले असतील?" असं विचारा आणि थांबा. पोर कातकरी, ठाकरी, वारली ज्या बोलीत बोलेल त्या बोलीत बोलू द्या. टोकू नका.

जपायचं काय?

गुंज, एरंड, मोगली एरंड आणि धोतरा यांच्या बिया विषारी असतात. गुंजा दिसायला सुंदर, म्हणून पोरं तोंडात घालतात. त्या खेळायला देऊच नका. पोरानं असं काही खाल्ल्याचा संशय आला तरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. ते बी सोबत घ्या, १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा.

तीन वर्षांच्या आतल्या बाळाला चिंचोके, खडे देऊ नका, नाकात-घशात अडकतात. दगड उलटायचा नाही, खाली विंचू असतो. विहीर, ओहोळ यांच्या कडेला पोरं एकटी नकोत. पाच-सहा पोरांमागे एक मोठी बाई हवीच.

गटानं काय करायचं?

आठवड्यातून एक सकाळ, एक तास ठरवा. अंगणवाडीताईशी बोला. दर आठवड्याला दोन बायांची पाळी लावा आणि ती बैठकीच्या वहीत लिहा. गटातल्या आजीबाईंना आवर्जून बोलवा, झाडांची नावं त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक आहेत?

दिवाळीनंतर ज्या मैत्रिणी वीटभट्टीवर जातात, त्यांनी निघण्याआधी अंगणवाडीताईला सांगावं आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत चौकशी करावी. चिंचोक्यांची एक पिशवी सोबत न्यावी. शाळा सुटली तरी मोजणं आणि बोलणं सुटू नये.

बैठकीत चर्चा करा

- आपल्या पाड्यात पोरांना मोकळं फिरायला सुरक्षित जागा कोणती?
- विषारी बियांची झाडं कुठं आहेत? ती पोरांना ओळखता येतात का?
- या महिन्यात पाळी कोणाकोणाची?