नऊ महिन्यांची मुदत

मुलाला लस द्यावी की नाही, हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावरच्या घरांतून आता फारसा कोणी विचारीत नाही. विचारला जातो तो केव्हा द्यावी हा, आणि माझ्या घरावर जे अरिष्ट येऊन गेले ते या ‘केव्हा’च्याच पोटातून जन्मास आले. स्पष्ट नकार देणारा मनुष्य निदान आपल्या निर्णयाची जबाबदारी उचलतो, त्याच्याशी वाद घालता येतो, त्याला दाखले देता येतात. परंतु ‘देऊ की, एवढी घाई कसली’ असे म्हणणाऱ्या घराशी कोणी कसा वाद घालावा, कारण ते घर तत्त्वतः आपल्याच बाजूचे असते.

लसीविषयी अविश्वास आमच्या घराण्यात कधीच नव्हता. माझ्या दंडावर देवीच्या लशीचा वण अजून स्पष्ट दिसतो, आणि देवी डॉक्टर गावात आला की मुले घरांच्या मागल्या दारांनी कशी पळत आणि आजी त्यांना धरून कशी पुढे उभी करी, हे जंजिरा संस्थानच्या काळापासूनच्या गोष्टींबरोबर आम्ही लहानपणी ऐकलेले आहे. हिंदुस्थानात देवीची पहिली लस टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी, आमच्याच समुद्राच्या उत्तरेस असलेल्या मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. व्हिएन्नाहून बगदाद आणि बसरा या मार्गाने आलेले ते द्रव्य त्या बालिकेच्या दंडावर रुजले आणि तिथून देशभर गेले. ज्या मुलुखात हा इतिहास घडला आणि जिथून देवीचा रोग समूळ नाहीसा झालेला माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिला, तिथे लसीची महती सांगत बसण्याचे प्रयोजन नाही. सांगावयाचे आहे ते तारखेविषयी.

माझ्या नातीचा जन्म डिसेंबर २०२१ च्या आरंभीचा. जन्मतः द्यावयाच्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब या लसी रुग्णालयातच झाल्या. पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांतल्याही, माझ्या सूनबाईने कार्डावरची तारीख उलटू न देता, अंगणवाडीतल्या सत्रात नेऊन टोचून आणल्या. त्यानंतर मात्र वेळापत्रकात एक दीर्घ अवकाश येतो. चौदावा आठवडा सरला की नववा महिना पूर्ण होईपर्यंत बोलावणे नाही, आणि या जवळजवळ सहा महिन्यांत घराला लागलेली शिस्त हळूहळू सुटते. कार्ड कपाटातल्या इतर कागदांखाली जाते, मूल रांगू लागते, बाळसे धरते, आणि जे मूल इतके सुदृढ दिसते त्याला कशाची तरी निकड आहे ही जाणीवच घरातून नाहीशी होते. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नेमकी या अवकाशाच्या शेवटी उभी असते, आणि पुष्कळ घरांत चुकते ती हीच.

नऊ महिने पुरे झाले तेव्हा घरात गणपती होते. मुंबईहून भावकी आलेली, आरत्या, नैवेद्य, विसर्जन. सत्राचा दिवस त्या गडबडीत निघून गेला. मागोमाग पितृपक्ष लागला, आणि त्या पंधरवड्यात तान्ह्या जिवाच्या अंगाला सुई नको, असे माझ्या वडील बहिणीने सुचविले. नवरात्रात मुलीचे नाक वाहत होते आणि अंग किंचित कोमट लागत होते, म्हणून सर्दी उतरल्यावर पाहू असे ठरले. एवढ्यात अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. त्याच्या मुलाला ही लस तिकडे वर्ष पुरे झाल्यावर दिली होती आणि उशिरा दिलेली लस अधिक लागू पडते असे त्याने डॉक्टरांकडून ऐकले होते. वाढदिवस डिसेंबरात होता, जावळही त्याच सुमारास काढावयाचे होते, तेव्हा अलिबागच्या एकाच खेपेत सारे उरकून घ्यावे, असा ठराव सर्वानुमते झाला. ‘आबा, सिस्टर आज आल्यात अंगणवाडीत, बाळाला नेऊन आणू का?’ असे सूनबाईने एकदा विचारले होते. तिचा तो प्रश्न वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात विरून गेला. यांतले प्रत्येक कारण एकेकटे घेतले तर कोणत्याही समंजस गृहस्थाला पटावे असेच होते, आणि म्हणूनच त्या साऱ्यांची बेरीज किती मोठी झाली हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आमच्या गावाचे जीवन दिवाळीपासून पालटते. सुरूच्या बनापलीकडल्या पांढऱ्या वाळूची ओढ घेऊन मुंबई-पुण्याची कुटुंबे येतात, घराघरांतून भाड्याने दिलेल्या खोल्या भरतात, आणि पाहुण्या बायका मोठ्या मायेने घरातले मूल उचलून कडेवर घेतात. २०२२ ची ती दिवाळी. त्याच ऑक्टोबराच्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीतून गोवराने बालके दगावल्याच्या वार्ता बाहेर आल्या आणि पुढे मालेगाव, भिवंडी येथूनही तसेच वर्तमान येऊ लागले. आम्हाला मात्र ते वर्तमानपत्रातले, दूरचे वाटत होते. आमच्या ओसरीवर रोग कोणी आणला हे सांगता येणार नाही, आणि त्याचा शोध घेण्यातही अर्थ नाही. कारण गोवराचा विषाणू रोगी उठून गेल्यावरही सुमारे दोन तास हवेत राहतो, पुरळ उमटण्याच्या चार दिवस आधीपासून रोगी तो पसरवीत असतो, आणि ज्यांच्या अंगी प्रतिकार नाही अशा दहा जणांत तो आला तर नऊ जणांना गाठतो.

नोव्हेंबरात मुलीला ताप भरला. खोकला, लाल झालेले, पाणी गळणारे डोळे, आणि मग कानांच्या मागून निघून चेहऱ्यावरून खाली उतरत गेलेले पुरळ. घरात जुना आचार जागा झाला: दाराला कडुनिंबाचा टाळा, तेल-फोडणी बंद, औषध देऊ नये, गोवर आतल्या आत न राहता पुरता बाहेर पडू द्यावा. त्या भाबड्या श्रद्धेचा मी उपहास करणार नाही. ज्या काळी औषध नव्हते त्या काळी रोग्याला निवांत आणि इतरांपासून दूर ठेवण्याचा तोच एक मार्ग लोकांना ठाऊक होता. परंतु पुरळ सुकण्याच्या बेतात असता मुलीचा श्वास जलद झाला, बरगड्यांखाली पोट खेचले जाऊ लागले, आणि गावच्या आशाताईने तो श्वास नुसता पाहूनच ‘आता घरी ठेवू नका’ असे निकराने बजावले. रात्रीच्या वेळी रेवदंड्याचा पूल ओलांडून अलिबागकडे जाणारा तो रस्ता मला इतका लांब कधीच वाटला नव्हता.

गोवरामागोमाग न्यूमोनिया झाला होता. उपचार वेळेवर मिळाले, जीवनसत्त्व ‘अ’च्या एक-एक लाख युनिटांच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी दिल्या गेल्या, आणि मुलगी वाचली. पण कान दीर्घकाळ वाहत राहिला, धरलेले बाळसे उतरले, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात प्रत्येक लहानसहान दुखण्याने तिला अंथरुणाला खिळविले. याचेही कारण मला पुढे कळले: गोवर अंगाला लागून जातो तेव्हा इतर रोगांविरुद्ध शरीराने साठविलेली स्मृती तो पुसून जातो, आणि मूल कित्येक महिने, क्वचित वर्षे, जणू नव्याने उघडे पडते.

रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला जे समजावून सांगितले ते येथे सविस्तर देतो, कारण आईबापांना तारखेमागचे कारण कोणी सांगत नाही आणि कारण कळले नाही की तारीख म्हणजे नुसती सरकारी औपचारिकता वाटू लागते. मूल जन्मते तेव्हा आईच्या रक्तातून आलेली प्रतिपिंडे त्याच्या अंगी असतात. ती असेपर्यंत गोवराची लस टोचली तरी ती प्रतिपिंडे तिला रुजू देत नाहीत. ती ओसरली की लस रुजते, पण त्याच वेळी रोगालाही दार मोकळे होते. नऊ महिन्यांना दिलेली मात्रा शंभरांतल्या सुमारे पंच्याऐंशी मुलांना संरक्षण देते, बारा महिन्यांना दिलेली सुमारे पंच्याण्णवांना. माझ्या भाच्याचे म्हणणे म्हणून खोटे नव्हते. परंतु ज्या देशात गोवर जवळजवळ हटला आहे तिथल्या आईबापांना ते तीन महिने थांबणे परवडते. जिथे गोवर वस्तीत फिरतो आहे तिथे त्या तीन महिन्यांचे मोल दहा टक्क्यांच्या लाभाहून कितीतरी अधिक पडते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीच सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा ठेवलेली आहे. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही पहिली मात्रा नवव्या महिन्यालाच सांगते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी ऐकून माझ्या बहिणीच्या निश्चिंतपणाचे मूळ मला उमगले. आमच्या पिढीतल्या बायकांना लहानपणी प्रत्यक्ष गोवर येऊन गेलेला होता, त्यामुळे त्यांच्या मुलांना आईकडून भरपूर आणि दीर्घकाळ टिकणारे संरक्षण मिळे. आजच्या आयांना बहुधा लस मिळालेली असते, रोग नव्हे; त्यांच्याकडून मुलाला येणारी शिदोरी कमी असते आणि ती लवकर सरते. ‘आमच्या वेळी वर्षाच्या आत गोवर कुठे येत होता’ हे माझ्या वडील बहिणीचे विधान तिच्या काळापुरते खरे असेल, तिच्या नातवंडाला ते लागू पडत नाही.

आता जे मला सांगावयाचे आहे ते नऊ महिन्यांच्या उंबरठ्यावर असलेल्या घरांसाठी. तारीख कार्डावर शोधू नका, ती घरातल्या दिनदर्शिकेवर लिहा, आणि त्या तारखेनंतर पहिले जे सत्र लागेल ते आपले. साधी सर्दी, खोकला, थोडासा ताप वा जुलाब ही लस थांबविण्याची कारणे नव्हेत. मूल अशक्त असेल तर त्याला ती अधिकच अगत्याची, कारण गोवर अशक्त मुलालाच अधिक मारतो. थांबावे ते मूल गंभीर आजारी असेल तर, रोगप्रतिकारशक्ती खालावणारा आजार किंवा तशी औषधे चालू असतील तर, अथवा आधीच्या मात्रेने तीव्र ॲलर्जी झाली असेल तर, आणि तेही घरच्या ठरावाने नव्हे, डॉक्टरांना विचारून. सत्राला सकाळीच जावे हे उत्तम. कारण या लशीची कुपी एकदा कालवली की चार तासांत वापरावी लागते. टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. आठवडाभराने काही मुलांना ताप येतो, क्वचित फिकट पुरळही उठते. ते लशीचे काम चालू असल्याचे लक्षण आहे, त्याने घाबरून पुढची मात्रा चुकवू नये. टोचल्या जागी हळद वा तेल चोळू नये.

मुदत टळलीच असेल तर निराश होऊ नका. मी महसूल खात्यात कारकुनी केली आहे. तिथे मुदत टळली की हक्क जातो, लसीचे तसे नाही. पहिली मात्रा वर्षाच्या आत राहिली असली तरी पाच वर्षांपर्यंत केव्हाही घेता येते आणि किमान महिन्याच्या अंतराने दुसरी घेता येते. आधी घेतलेल्या कोणत्याही मात्रा वाया जात नाहीत, मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. शेजारी गोवर निघाला असेल तर संपर्क झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत घेतलेली लसही पुष्कळदा मुलाला वाचविते, म्हणून अशा वेळी ‘आता काय उपयोग’ असे म्हणून बसू नये. त्याच दिवशी सिस्टरना किंवा आशाताईंना कळवावे. ज्यांच्या गावाला आमच्यासारखा पर्यटकांचा राबता आहे, त्यांनी तर गणपतीनंतरच्या मोकळ्या दिवसांतच आपल्या वस्तीतले एकही मूल मागे राहू देऊ नये; दिवाळीपासून माणसांची ये-जा वाढते, आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून चैत्रापर्यंत गोवराचा जोर असतो.

माझ्या नातीला राहिलेली पहिली मात्रा बरी झाल्यावर दिली, आणि दुसरी तारखेला झाली. ज्याला गोवर येऊन गेला त्याने पुन्हा लस कशाला घ्यावी, असा प्रश्न घरात निघाला होता. परंतु त्या लशीत रुबेलाचेही संरक्षण आहे, आणि मुलगी उद्या आई होईल तेव्हा तिच्या गर्भाला त्या रोगापासून जपणारी तीच आहे.

या साऱ्या प्रकरणात आमच्याहून कितीतरी अधिक धोक्यात असलेली माणसे आमच्याच डोंगराच्या कुशीत राहतात, आणि त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिल्यावाचून माझ्याने राहवत नाही. फणसाड अभयारण्याच्या कडेच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर दूरदेशी जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. श्रावण-भाद्रपदात सत्राला आणलेले मूल नऊ महिन्यांचे होते ते परक्या तालुक्यातल्या भट्टीवर. आमच्या घरी विलंब झाला तो गणपती, पितृपक्ष आणि वाढदिवस यांच्या सोयीने. त्यांच्याकडे होतो तो रोजच्या मजुरीच्या ओढीने. लस देशात कोठेही, कोणत्याही सरकारी सत्रात, विनामूल्य मिळते, आणि त्यासाठी रहिवासाचा दाखला लागत नाही. तेव्हा निघताना कार्ड गाठोड्यात बांधा, एवढे त्या आयांना कोणीतरी सांगावे. आणि ज्यांच्या भट्टीवर, बागेत वा लॉजमध्ये तान्ही मुले घेऊन बायका राबतात, त्या मालकांना माझी विनंती आहे की नजीकच्या सत्राचा दिवस आरोग्य केंद्रातून विचारून घ्यावा आणि त्या दिवशी मजुरी न कापता त्या बाईला अर्ध्या दिवसाची मोकळीक द्यावी.