आधी लॉग, मग दुरुस्ती

एका पतसंस्थेतलं हिशेबाचं सॉफ्टवेअर बॅकअप घेताना मधेच बंद पडायचं. मला बोलावणं आलं तोवर तिथल्या तंत्रज्ञाने ते काढून नव्याने टाकलं होतं. त्यात जुने लॉग पुसले गेले. बिघाड मात्र कायम. पुन्हा बंद पडलं तेव्हा आधी लॉग उघडला. बॅकअपच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाकारल्याचं तिथे स्पष्ट नोंदलेलं होतं. परवानगी दिली, काम सुरळीत झालं.

म्हणून कळकळीने सांगतो, सॉफ्टवेअर काढण्याआधी लॉगची प्रत घ्या.

विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. 'विंडोज लॉग्ज'खाली 'ॲप्लिकेशन'मध्ये 'एरर'च्या नोंदी दिसतील. पण बरीच सॉफ्टवेअर्स स्वतःचा लॉग 'ॲपडेटा' किंवा 'प्रोग्रामडेटा' फोल्डरमध्ये ठेवतात. हे दोन्ही फोल्डर एरवी दिसत नाहीत. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' चालू करावं लागतं.

मॅकवर 'कन्सोल' ॲपमध्ये क्रॅश रिपोर्ट मिळतात. सॉफ्टवेअरचे स्वतःचे लॉग बहुधा 'लायब्ररी'तल्या 'लॉग्ज' फोल्डरमध्ये असतात. फाइंडरचा 'गो' मेन्यू उघडून ऑप्शनचं बटण दाबून धरलं की 'लायब्ररी' दिसते.

लिनक्समध्ये 'व्हार'मधला 'लॉग' फोल्डर पाहा. सिस्टमडी असेल तर टर्मिनलवर 'जर्नलसीटीएल' ही कमांड द्या. इथे जुने लॉग ठरावीक काळाने आपोआप काढून टाकले जातात, तेव्हा दिरंगाई नको.

लॉग सापडला तरी हजारो ओळींत हवी ती ओळ वेळेवरूनच मिळते. त्यामुळे बिघाड झाला की घड्याळातली वेळ आणि पडद्यावरचा संदेश लगेच टिपून ठेवा. काही लॉगमधली वेळ यूटीसीत असते, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. सकाळी 11.40 ला झालेला बिघाड तिथे 06.10 ला सापडेल. त्या वेळेच्या आसपासची पहिली चूक शोधा. पुढच्या चुका बऱ्याचदा तिच्यातूनच आलेल्या असतात.

लॉग कंपनीच्या मदतकेंद्राला पाठवण्याआधी मात्र तो वाचून घ्या. त्यात खातेदारांची नावं, खाते क्रमांक, कधी पासवर्डही असतो. पाठवायच्या प्रतीतून तेवढं झाका, मूळ फाइलला हात लावू नका.