डॉक्टर "घरी जा" म्हणतात तेव्हा

"ऑपरेशन झाले नि चार दिवसांत घरी पाठवले, डॉक्टरांना आमची काळजीच नाही," ही तक्रार आपल्या वडीलधाऱ्या मंडळींकडून मी नेहमी ऐकते. अनेक वर्षे वॉर्डात परिचारिका म्हणून काम केल्यामुळे मला यामागची दुसरी बाजूही ठाऊक आहे.

1995 साली राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा लागू झाला. रुग्णालयाचा खर्च आपली कुपात होलिम भरते. तोफेस 17 म्हणजे तिने दिलेली पैशांची हमी. अश्कलोनचे बर्झिलाई सरकारी, बेरशेवाचे सोरोका क्लालितचे, तर जेरुसलेमचे हदासा स्वतंत्र संस्थेचे. मालक वेगवेगळे, पण तिथले बहुतेक डॉक्टर पगारी नोकर आहेत. खाटा किती आणि पैसा किती, हे त्यांच्या हातात नसते.

काही ऑपरेशनांसाठी कुपा ठरावीक रक्कम देते, रोगी कितीही दिवस राहो. तिथे जास्त मुक्काम रुग्णालयाला परवडत नाही. इतर वेळी दिवसागणिक पैसे मोजावे लागतात, तेव्हा तो कुपाला परवडत नाही. त्यात हिवाळ्यात फ्लूचे रोगी कॉरिडॉरमध्ये झोपलेले असतात. हा सगळा भार शेवटी "घरी जा" म्हणणाऱ्या डॉक्टरांवर येतो.

डॉक्टर तुमची जखम पाहतात, तुमचे घर पाहत नाहीत. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर एकटे राहता आणि लिफ्ट नाही, हे तुम्हीच सांगायला हवे. म्हणून:

1. दाखल झाल्यावरच वॉर्डातल्या सोशल वर्करला भेटा. शिकूमची किंवा घरी मदतीची गरज असेल, तर तेव्हाच बोला.

2. मिख्ताव शिखरुर हातात आल्यावर विचारा: कोणती गोळी नवी, कोणती बंद, आणि काय झाले तर परत यायचे?

3. शुक्रवारी सोडत असतील, तर शब्बाथ संपेपर्यंत पुरतील एवढी औषधे आहेत का, ते आधी पाहा.

4. तीच चिठ्ठी घेऊन लवकरात लवकर कुपाच्या डॉक्टरांकडे जा.

1996 च्या रुग्ण हक्क कायद्याने दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आणि आपल्या कागदपत्रांची प्रत मागण्याचा हक्क दिला आहे. प्रत्येक रुग्णालयात रुग्णांच्या हक्कांसाठी नेमलेली व्यक्ती असते. अडचण असेल तर तिला भेटा. जिवावर बेतले असेल, तर मात्र तोफेससाठी थांबू नका. थेट मियून गाठा, कागद मागाहून पाहता येतील.