मावशी आणि मॅडम

गेटवरून फोन आला, "मॅडम, तुमचा भाचा आलाय." मला सख्खा, चुलत, मावस असा कुठलाच भाचा नाही. जुलैचा पहिला सोमवार, सिल्वासात असतो तसा धो धो पाऊस. छत्री घेऊन बाहेर गेले तर वॉचमनच्या पत्र्याखाली एक पोरगा उभा. खांद्यापासून भिजलेला, पण छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी कोरडी. पिशवीत दहावीचा दाखला, आधार कार्ड, दोन फोटो. दीड महिन्यापूर्वी लग्नाच्या मांडवात "मावशी, मावशी" करत ज्याने मला पाण्याचा तांब्या आणून दिला होता, तोच हा. आता तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोलला होता, बघते म्हणून."

मी सिल्वासातल्या एका यार्नच्या कारखान्यात हिशेब बघते. डोंबिवलीहून इथे आले त्याला सहा वर्षं झाली. पॅकिंगला असलेली एक वारली मुलगी जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातली आमटी आणि मी तिच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी खाता खाता मैत्रीण झाली. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. खानवेल सिल्वासापासून वीसेक किलोमीटरवर आहे. त्याच्याही पलीकडे, दुधनीच्या बाजूला तिचा पाडा. मे महिन्यात तिच्या चुलतभावाचं लग्न होतं आणि तिने मला बोलावलं. मी एका मैत्रिणीकडे निघाले होते. पोचले ती सोळा घरांकडे, कारण अख्खा पाडा एकमेकांचा काका, आते, मावशी, आजा होता.

पहिली चूक पिशवीतच होती. वापीतून घेतलेला मिठाईचा अर्ध्या किलोचा डबा आणि मैत्रिणीच्या आईसाठी एक साडी. डबा उघडला तेव्हा भोवती अख्खा पाडा होता. तिच्या आईने, ती तिला आयस म्हणते, एकेका पेढ्याचे चार तुकडे केले आणि तरी ओट्याच्या टोकाला बसलेल्या पोरांपर्यंत ते गेले नाहीत. साडीचं तर बोलूच नका. थोरल्या काकीच्या आधी तिच्या धाकट्या जावेला, म्हणजे मैत्रिणीच्या आईला, साडी मिळाली, आणि काकी दोन दिवस माझ्याशी गोड बोलली, जरा जास्तच गोड. आता कोणी मला विचारलं तर सांगते: वाटता येईल असं न्या. चहापत्ती, साखर, सुके बोंबील, गूळ. हे घराच्या मधोमध ठेवलं की कोणाचं एकट्याचं राहत नाही. आणि लग्नाचा आहेर किती करायचा ते आधी मैत्रिणीला विचारा. मी दोन हजाराचं पाकीट दिलं. तिच्या घरच्यांनी ते लिहून ठेवलं, आणि मग मला कळलं की माझ्या घरी काही कार्य निघालं तर तेवढंच परत करायची चिंता मी त्यांच्या गळ्यात बांधून आले. शेजारच्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्या माणसाला लग्नगडी म्हणत. तो शब्द मला पाठ होता. पण तो आठवायला पाहिजे होता तेव्हा आठवला नाही.

पाण्याची गोष्ट लहान आहे, पण अजून बोचते. पोटाच्या भीतीने मी बाटली बरोबर नेली होती. आजीने घासून लखलखीत केलेला पितळी लोटा पुढे केला. मी "आहे माझ्याकडे" म्हणत बाटली दाखवली. आजी काही बोलली नाही. लोटा परत आत गेला आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आला नाही. पाण्याची काळजी खोटी नाही, मात्र तिला साधी वाट आहे. कोरा चहा मागा. तो उकळलेलाच असतो, आणि चहा मागणारा पाहुणा कोणालाही आवडतो.

चौकाचं मात्र मी निस्तरू शकले नाही. वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. लिहिणाऱ्या सुवासिनी असतात, धवलेरी गाणी म्हणते, चौकात पालघट देवी असते. शहरात आपण कुशनच्या अभ्र्यांवर बघतो ती नाचणारी माणसं याच भिंतीवरून निघाली, हे मला माहीत होतं आणि माहीत असल्याचा थोडा तोराही होता. चौकावर कापड टाकलेलं होतं. मला वाटलं, धूळ लागू नये म्हणून असेल. मी फोन काढला, कापडाचं टोक वर केलं, दोन फोटो घेतले. मागे एकदम शांतता. भगत यायचा होता, त्याच्याआधी ते कापड उचलायचं नव्हतं. कोणी ओरडलं नाही. धवलेरीने टोक खाली सोडलं आणि पुन्हा गायला लागली. मी फोटो पुसून टाकले, पण पाहिलेलं कसं पुसणार? तेव्हापासून नियम केला आहे: झाकलेलं, बांधलेलं, कोनाड्यात ठेवलेलं काहीही आपणहून उघडायचं नाही. आणि फोटो मागायचा तो घरातल्या मोठ्या बाईकडे. जिने आपल्याला आणलं तिच्याकडे मागायचा नाही, ती बिचारी नाही म्हणूच शकत नाही.

रात्री ओट्यावर आजोबा बसले होते. काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांना त्यांच्याच भूमीचा इतिहास सांगायला लागले. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झालं, सुधीर फडके त्यात होते, विश्वनाथ लवंदे होते, मग 1961 मध्ये हा प्रदेश भारतात सामील झाला. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आल्वाऱ्याच्या जमिनीचं काय झालं ते तुमच्या पुस्तकात आहे का? पोर्तुगीजांनी आल्वारा, म्हणजे सनदा, देऊन मोठ्या जमिनी मोजक्या लोकांना दिल्या होत्या आणि कसणारे होते यांचे बाप-आजे, हे मी नंतर वाचलं. त्या रात्री मला शब्दही कळला नव्हता. पाहुण्याने प्रश्न विचारावेत, धडे देऊ नयेत. आजोबांनी त्यानंतर तासभर जे सांगितलं ते, मी धडेच देत राहिले असते तर, हुकलंच असतं.

निघताना ताडीची बाटली भरून देत होते, ती मैत्रिणीने थांबवली. बरं झालं. दादरा आणि नगर हवेली हे सलग तुकडे नाहीत, मध्ये गुजरातची पट्टी आहे. दमणहून या तुकड्यांपर्यंतच्या वाटेसाठी पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं होतं आणि 1960 मध्ये निकाल लागला. आज त्या पट्टीतला आपला प्रश्न साधा आहे: गुजरातेत दारूबंदी आहे, आपल्या प्रदेशात नाही. मुंबईहून येणारा वापीला उतरतो, म्हणजे जाता-येता गुजरातेतूनच. प्रेमाने दिलेली बाटली तिथे पोलिसाला प्रेमाने दिलेली वाटत नाही.

आता त्या ‘बघते’कडे येते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, भाताची वाफ अजून पत्रावळीवर, काकांनी नातवाला पुढे केलं. दहावी झालाय, कंपनीत लावता का? मी म्हणाले, "हो, बघते की." डोंबिवलीत या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा होतो. आपण रोज म्हणतो, समोरचाही रोज ऐकतो आणि कोणी थांबत नाही. पाड्यात तो शब्द सोळा घरांसमोर पडला होता. वारली माणूस भोळा म्हणून त्याने तो खरा धरला, असं कोणी म्हटलं की मला राग येतो. त्याने तो खरा धरला कारण मी त्यांच्या पंगतीला जेवले होते, मला मावशी केलं होतं, आणि मावशीने साक्षीदारांपुढे सांगितलं होतं. चूक त्याच्या समजण्यात कुठे होती?

मला माहीत होतं की आमच्याकडे हेल्परची भरती ठेकेदार करतो, माझ्या खात्यातून एक माणूस लागत नाही. हे मी त्या दुपारीच दोन वाक्यांत सांगू शकले असते. कोणता ठेकेदार, त्याची माणसं कधी घेतात, कोणते कागद लागतात, अठरा पूर्ण नसतील तर येऊच नकोस. एवढी माहिती नोकरीच्या वचनापेक्षा जास्त कामाची होती. ते न करता मी हसून "बघते" म्हणाले, कारण हसून म्हणणं सोपं होतं.

पहिल्या सोमवारी मी त्याला "पुढच्या आठवड्यात ये" म्हणाले. हो, दुसऱ्यांदाही तेच केलं. दुसऱ्या सोमवारी ठेकेदाराने फोन उचलला नाही. तिसऱ्या सोमवारी तो पुन्हा पिशवी घेऊन आला तेव्हा मैत्रीण स्वतः गेटवर गेली, त्याच्याशी त्यांच्या बोलीत बोलली आणि त्याला इको गाडीत बसवून दिलं. परत येऊन तिने मला एवढंच सांगितलं की घरी आवणी चालू आहे. भाताची लावणी. पाऊस धरून रोपं लावायची ती तीन आठवड्यांची घाई, एकेक हात मोजला जातो, आणि त्यांच्या घरातला एक हात तीन सोमवार माझ्या गेटवर उभा होता. एकेका सोमवारी जाण्या-येण्यात त्याचा दिवस गेला, भाड्याचे पैसे गेले.

म्हणून कोणाच्या गावी जायचं असेल तर त्यांच्या शेताचा महिना विचारून जा. आपल्याला पावसात हिरवं दिसतं म्हणून आपण पावसात निघतो. नेमकी तेव्हाच कणगी रिकामी असते, माणसं चिखलात असतात आणि पाहुण्यासाठी कोंबडी उधार आणावी लागते. भात घरात आल्यावर जा, मार्गशीर्षात. तेव्हा यजमानाला द्यायलाही आनंद होतो.

मीही डिसेंबरातच गेले. चहापत्ती, साखर, बोंबील. तो पोरगा घरी नव्हता, नरोलीकडे कुठेतरी हेल्पर म्हणून लागला होता, आपला आपणच. आजीने सगळ्यांसमोर विचारलं, त्या पोराच्या कामाचं काय झालं होतं? मैत्रीण काही बोलायला गेली, मी तिला थांबवलं. म्हटलं, माझ्या हातात नव्हतं, आजी. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली की हो, तेव्हाच सांगायला हवं होतं. पोर आवणी सोडून आला होता.

तिने आतून लोटा आणला. मी प्याले. मग तिने वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं, आणि आम्ही दोघी सोलायला बसलो.